रांग लावायची तर पुढे कोण उभे आहे तेही सांगा

प्रति,
इंटरनेटवरील नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅनचे संचालक मंडळ,
तसेच नवे डोमेन विस्तार चालवणाऱ्या रजिस्ट्री आणि ते विकणारे रजिस्ट्रार

महोदय, महोदया,

नव्या डोमेन विस्तारांची, म्हणजे नावाच्या शेवटी येणाऱ्या डॉट कॉमसारख्या भागांची, पुढची फेरी २०२६ ची. अर्जाचे शुल्क २ लाख २७ हजार डॉलर. मागच्या, २०१२ च्या फेरीत ते १ लाख ८५ हजार होते आणि १,९३० अर्ज आले होते. त्यातून हजाराहून जास्त विस्तार प्रत्यक्षात आले. या फेरीतूनही शेकडो येतील, आणि प्रत्येक विस्तार खुला होण्याच्या कितीतरी आधी त्यातल्या नावांची पूर्वनोंदणी सुरू होईल. 'तुमचे नाव आत्ताच राखून ठेवा' अशी बटणे लागतील, लोक कार्डे काढतील, आणि काही महिन्यांनी त्यांतल्या बऱ्याच जणांना कळेल की नाव कधी त्यांचे होणारच नव्हते.

मी डोमेन नावांच्या नोंदणीचे आणि नावावरून आलेल्या तक्रारींना उत्तरे लिहून देण्याचे काम करतो. कधी ट्रेडमार्कधारकाच्या बाजूने, कधी नावधारकाच्या. दोन्हीकडचे रडगाणे मला पाठ आहे. त्यामुळे हे पत्र ट्रेडमार्कविरुद्ध आहे असे कृपया समजू नये. माझे म्हणणे एवढेच आहे: पूर्वनोंदणीच्या रांगेत कोणाचा हक्क कोणाच्या आधी लागतो, हे पैसे घेण्यापूर्वी उघड सांगा. आज ते सांगितले जात नाही.

आधी पूर्वनोंदणी म्हणजे नेमके काय ते बोलू, कारण विकणारे ते कधी सरळ बोलत नाहीत. विस्तार खुला झाला की पहिल्या क्षणी तुमच्या वतीने रजिस्ट्रीकडे मागणी पाठवायची, एवढेच रजिस्ट्रारचे वचन असते. तेच नाव आणखी शंभर रजिस्ट्रारांनी घेतलेले असू शकते. काही ठिकाणी एकच रजिस्ट्रार एकाच नावाची पूर्वनोंदणी अनेकांकडून घेतो आणि मग आपसात लिलाव लावतो. त्याआधी सनराइजचा, म्हणजे ट्रेडमार्कधारकांनी इतरांआधी नावे घेण्याचा, काळ झालेला असतो. काही रजिस्ट्री त्यानंतर आठवडाभर चढ्या भावाची खिडकी उघडतात. पहिल्या दिवशी भाव दहा हजार डॉलरच्या घरात, मग रोज उतरता. सर्वसामान्य ग्राहकाची पाळी या सगळ्यांच्या मागून. शिवाय रजिस्ट्रीने स्वतःसाठी बाजूला काढलेली आणि 'प्रीमियम' म्हणून वेगळ्या भावाला ठेवलेली नावे असतातच. म्हणजे ज्याला ग्राहक आरक्षण समजतो, ती असते फार तर एक आशा. तिची पावती मात्र मिळते.

हा प्रकार नवा नाही. डॉट वेबची गोष्ट तुमच्याच दप्तरात आहे. १९९६ पासून एक कंपनी मुख्य व्यवस्थेबाहेर डॉट वेब चालवत होती आणि त्यात नावे विकत होती. पुढेमागे हा विस्तार अधिकृत होईल, मग आपली नावे चालू लागतील, या भरवशावर लोकांनी पैसे भरले. २००० साली कंपनीने तुमच्याकडे ५० हजार डॉलर भरून अर्ज केला. तुम्ही दुसरे सात विस्तार निवडले. २०१२ ला ती न्यायालयात गेली, डॉट वेब हा आमचा ट्रेडमार्क आहे असाही दावा केला. २०१३ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. हा शब्द कोणत्या प्रकारची सेवा आहे ते सांगतो, ती कोणाची आहे ते सांगत नाही, असा साधारण निकालाचा अर्थ. २०१६ च्या लिलावात डॉट वेब साडेतेरा कोटी डॉलरला गेला. या साऱ्या वर्षांत आधी नावे घेतलेल्या माणसांचे काय झाले, याचा विचार लिलावाच्या हिशोबात कुठेही नव्हता.

डॉट बिझच्या वेळीही तेच. २००१ मध्ये पूर्वनोंदणीचे अर्ज सशुल्क घेतले, शुल्क परत नाही, आणि एका नावाला अनेक अर्ज आले तर चिठ्ठी काढायची असे ठरले. जितके अर्ज भराल तितकी संधी जास्त. याला लॉटरी नाही तर काय म्हणायचे, असे म्हणत काही जण कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात गेले आणि रजिस्ट्रीला वाटपाची पद्धत बदलावी लागली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तर २००० सालीच ग्राहकांना सावध केले होते की हमखास नाव देतो म्हणणाऱ्या पूर्वनोंदणीवाल्यांपासून दूर राहा. इतक्या वर्षांनी बटणाचा रंग बदलला आहे, मजकूर जवळपास तोच आहे.

आता ट्रेडमार्ककडे येतो. सनराइज का आणला हे मला ठाऊक आहे. नव्वदच्या दशकात डॉट कॉममध्ये नामवंत चिन्हे, म्हणजे ट्रेडमार्क, दुसऱ्यांनीच घेऊन ठेवली आणि मग मूळ कंपन्यांकडे पैसे मागितले. त्यातूनच १९९९ ची तुमची एकसमान तंटानिवारण पद्धत, यूडीआरपी, आली. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे, वायपोकडे, आज वर्षाला सहा हजारांवर तक्रारी जातात आणि त्यांतल्या बहुतेकींत तक्रारदाराचेच बरोबर असते. बँकेसारखे नाव घेऊन पासवर्ड चोरणाऱ्यांबद्दल कोणाला कळवळा असण्याचे कारण नाही. प्रत्येक नव्या विस्तारात हाच खेळ पुन्हा मांडला जाणार असेल, तर चिन्हधारकाला आधी संधी द्यावी, हे न्यायाचेच आहे.

पण पहिली संधी दिली की तिच्या दारात चिन्हे बनवणाऱ्यांची गर्दी होते. २००१ च्या डॉट इन्फोमध्ये सनराइजच्या वेळी ट्रेडमार्क तपासलेच नाहीत. अर्जदाराने क्रमांक, तारीख, देश भरायचा, झाले. लोकांनी खोटे क्रमांक भरून साधे शब्द उचलले. ती नावे सोडवताना वायपोकडे पंधरा हजारांवर आव्हाने गेली आणि त्यांतली कितीतरी खुद्द रजिस्ट्रीलाच दाखल करावी लागली. चिन्हधारकांसाठी मांडलेल्या पंगतीत चिन्ह नसलेलेच आधी जेवून उठले.

युरोपीय संघाने यावरून धडा घेतला. डॉट ईयूच्या सनराइजला, डिसेंबर २००५ मध्ये, कागदपत्रे तपासायची असे ठरले. आणि तिथेच मला या सगळ्या विषयातला सर्वांत चलाख प्रकार पाहायला मिळतो. डोमेन नावात काही चिन्हे चालत नाहीत, म्हणून नियम होता की ट्रेडमार्कमध्ये विशेष चिन्ह असेल तर ते गाळावे, तिथे आडवी रेघ घालावी किंवा ते अक्षरांत लिहावे. निरुपद्रवी, तांत्रिक नियम. एका ऑस्ट्रियन कंपनीने त्यात फट पाहिली. जर्मनमध्ये टायरला 'रायफेन' म्हणतात. तिने स्वीडनमध्ये या शब्दाच्या प्रत्येक अक्षराच्या मागेपुढे '&' घालून ट्रेडमार्क नोंदवला, तोही गाडीतल्या सीटबेल्टसाठी. मग सनराइजमध्ये अर्ज केला, नियमाप्रमाणे सगळे '&' गाळले, आणि उरले स्वच्छ, कोरे रायफेन डॉट ईयू. टायरच्या बाजारात याहून मोलाचे नाव नाही. असे ३३ साधे शब्द तिने '&' लावून नोंदवले होते आणि साधारण शब्दांच्या एकूण १८० नावांसाठी अर्ज केले होते. सीटबेल्ट विकायचे तिच्या मनातही नव्हते.

प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले. ३ जून २०१० च्या निकालात न्यायालयाने म्हटले की अशा नोंदणीत दुर्हेतू असू शकतो आणि तो ठरवताना सगळी परिस्थिती बघावी: ज्या बाजारासाठी चिन्ह मागितले तिथे ते वापरायचा इरादा होता का, चिन्हाची रचना अशी चमत्कारिक का, सनराइजच्या तोंडावरच ते का घेतले, असे किती शब्द घेतले. निकाल योग्यच. पण नाव घेतल्यापासून तो यायला चार वर्षे लागली. एप्रिल २००६ मध्ये नोंदणी सर्वांना खुली झाली तेव्हाही नावे हडपण्यासाठीच उभ्या केलेल्या रजिस्ट्रार कंपन्यांवरून ओरड झाली आणि त्याच उन्हाळ्यात रजिस्ट्रीला ७४ हजार नावे गोठवावी लागली. दाराला कुलूप लावले होते, फक्त चाव्या जास्त काढल्या होत्या.

मग २०१३ मध्ये तुम्ही ट्रेडमार्क क्लिअरिंगहाऊस आणले. सगळ्या नव्या विस्तारांना एकच नोंदवही. चिन्हधारकाने वर्षाला एका चिन्हामागे सुमारे दीडशे डॉलर भरायचे, प्रमाणपत्र तपासून घ्यायचे, सनराइज हवा असेल तर प्रत्यक्ष वापराचा पुरावा द्यायचा. डॉट इन्फोसारखा सरसकट खोटेपणा त्यामुळे थांबला, हे श्रेय तुम्हाला दिलेच पाहिजे. सनराइज किमान तीस दिवसांचा, आणि नोंदणी सर्वांना खुली झाल्यावर किमान नव्वद दिवस कोणी जुळणारे नाव मागितले तर त्याला ट्रेडमार्क असल्याची सूचना. कागदावर नीट आहे.

दोन गोष्टी मात्र राहून गेल्या. पहिली, मालाशी संबंध. ट्रेडमार्क हा ठरावीक माल किंवा सेवेपुरता असतो. तोच शब्द साबणावर एकाचा आणि पंपावर दुसऱ्याचा असू शकतो, आणि शब्दकोशात तो सर्वांचा. क्लिअरिंगहाऊसमध्ये शिरताना मालाचा वर्ग नोंदला जातो, पण सनराइजमध्ये तो विचारातच घेतला जात नाही. एखाद्या शब्दाचे चिन्ह कुठल्यातरी यंत्राच्या भागासाठी असले तरी छायाचित्रांच्या, प्रवासाच्या, औषधांच्या, कुठल्याही विस्तारात त्याला पहिला मान. २०१६-१७ मध्ये तुमच्यासाठी झालेल्या आढाव्यात, ज्या शब्दांमुळे सर्वांत जास्त सूचना निघाल्या त्यांत काय होते ते आठवा. स्मार्ट, हॉटेल, वन, लव्ह, क्लाउड. हे कोणाचे चिन्ह नाही असे मी म्हणत नाही. पण हॉटेल हा शब्द मागणाऱ्या प्रत्येकाला ट्रेडमार्कची तंबी देणारी व्यवस्था चोर आणि वाटसरू यांत फरक करत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते, आणि तिच्यासाठीच हे पत्र. ही नोंदवही बंद आहे. कोणता शब्द तिच्यात आहे हे सामान्य माणसाला शोधून पाहता येत नाही. देशोदेशीची ट्रेडमार्क कार्यालये आपली नोंदणी लोकांना फुकट पाहू देतात. नोंदणीचा अर्थच तो असतो की जगाने बघावे आणि हरकत असेल तर घ्यावी. त्या उघड नोंदींवरून बनलेली तुमची यादी मात्र झाकलेली.

याचा परिणाम पूर्वनोंदणीवर कसा होतो ते जवळून बघा. एका ग्राहकाने नाव खुले व्हायच्या तीन-चार महिने आधी पैसे भरले. भरताना त्याला काहीही सांगितले गेले नाही, कारण ट्रेडमार्कच्या सूचनेची मुदत अवघी ४८ तासांची असते; महिनोन्महिने आधी दाखवून ती उपयोगाची नाही. म्हणून रजिस्ट्रार ती नोंदणी खुली होण्याच्या तोंडावर ईमेलने धाडतो. त्या ईमेलमध्ये कोणत्या देशात कोणते चिन्ह कोणाच्या नावावर आहे, कोणत्या मालासाठी आहे, याचा कायदेशीर मजकूर असतो, आणि तुमचा वापर या मालाशी जुळत असेल तर तुम्हाला हक्क असेल किंवा नसेल असे काहीसे वाक्य. शेवटी एक दुवा: वाचले, समजले, पुढे जा. ग्राहकाने तो वेळेत दाबला नाही, ईमेल कचऱ्यात गेली, किंवा वकिलाला विचारेपर्यंत दिवस गेला, की त्याची पाळी गेली. दाबला तर उद्याच्या तक्रारीत 'याला आधीच माहीत होते' असा पुरावा त्याने स्वतःच लिहून दिला. घाबरून मागे हटणारे यात किती हे तुमच्याच आढाव्यात आहे: सूचना निघालेल्या नोंदणीप्रयत्नांपैकी सुमारे ९४ टक्के पुढे पूर्ण झाले नाहीत. त्यांतले काही नुसतेच चाचपणी करणारी यंत्रे असतील, हे मान्य. तरी उरलेल्यांत प्रामाणिक माणसे किती आणि नावचोर किती, हे कोणी मोजलेले नाही.

यादी उघडी असती तर हा माणूस पैसे भरायच्या आधीच बघता. चिन्ह त्याच्या धंद्याचे असते तर दुसरे नाव निवडता. नसते तर आपण कशासाठी नाव घेतो आहोत याची टिपणे ठेवून शांतपणे पुढे जाता. दोन्हीत चिन्हधारकाचे काय बिघडते?

मला उत्तर माहीत आहे. आढाव्याच्या वेळी ते बरेचदा ऐकले. चिन्हधारक म्हणतात, आम्ही कोणती चिन्हे मौल्यवान मानतो ते उघडे पडेल, म्हणजे कोणती सोडली तेही उघडे पडेल, आणि सट्टेबाज तिथे हात मारतील. या मुद्द्यावर तुमच्या समितीत एकमत झाले नाही आणि यादी बंदच राहिली. पण सनराइजमध्ये घेतलेले नाव काही दिवसांत विस्ताराच्या झोन फाइलमध्ये, म्हणजे त्यातल्या चालू नावांच्या यादीत, दिसू लागते आणि सट्टेबाज ती फाइल रोज उतरवून घेतो. त्याला हे कधीच गुपित नव्हते. गुपित राहते ते फक्त एकदाच नाव घेणाऱ्या माणसापासून. वाटल्यास चिन्हधारकाचे नाव-पत्ता झाका, एका वेळी एकच शब्द शोधू द्या, सरसकट यादी उतरवू देऊ नका. पण शब्द टाकला की तो आहे का, कोणत्या मालासाठी आहे, एवढे तरी दिसू द्या.

चिन्हधारकांनाही या झाकपाकीत फार सुख आहे असे नाही. २०१५ मध्ये डॉट सक्स (इंग्रजीत 'बेकार आहे' असा टोमणा) आला तेव्हा सनराइजमध्ये नाव घेणाऱ्या चिन्हधारकांना सुमारे दोन ते अडीच हजार डॉलर मागितले आणि इतरांना त्याच्या दहाव्या भागाच्या आसपास. संरक्षणासाठी बनवलेली सोय कोण किती घाबरले आहे हे मोजायची फूटपट्टी झाली. तुम्ही स्वतः अमेरिका आणि कॅनडाच्या ग्राहक संस्थांना पत्रे लिहून हे कायद्यात बसते का, असे विचारलेत, आणि फारसे काही घडले नाही. रजिस्ट्रीने बाजूला काढलेली आणि प्रीमियम भावाची नावे कोणती, हे तेव्हाही विस्तार खुला होईपर्यंत सर्वांना कळत नव्हते आणि आजही रजिस्ट्रीला ते आधी जाहीर करायची सक्ती नाही.

तंट्यानंतरच्या टप्प्याबद्दल थोडक्यातच लिहितो. यूडीआरपीत तक्रारदाराने खोटेपणाने नाव बळकावू पाहिले असे निवाडा करणाऱ्या पॅनेलला वाटले तर ते तसे निकालात लिहू शकते. बस्स, लिहायचे. दंड नाही, खर्चाची भरपाई नाही. नावधारकाकडे उत्तराला वीस दिवस आणि स्वतःच्या वकिलाचे बिल. ज्याचे आडनावच निसान होते त्या माणसाने १९९४ साली आपल्या नावाचे डॉट कॉम घेतले. १९९९ मध्ये मोटार कंपनीने त्याला कोर्टात खेचले. नाव अखेर त्याच्याकडेच राहिले, पण अनेक वर्षे आणि प्रचंड पैसा घालवून. तो न्यायालयीन खटला होता, यूडीआरपी नव्हे. तरी आधी हक्क कोणाचा हे आधी न ठरल्याची किंमत त्यातून कळते.

म्हणून पुढच्या फेरीचे करार करताना एवढे करा. क्लिअरिंगहाऊसमध्ये शब्द शोधता येईल अशी सोय पहिला सनराइज सुरू होण्याआधी उघडा. रजिस्ट्रीने बाजूला ठेवलेल्या आणि प्रीमियम नावांची यादी, भावासह, पूर्वनोंदणी सुरू होण्याआधी जाहीर व्हावी. रजिस्ट्रारशी तुमचा जो करार आहे, २०१३ चा, त्यात पूर्वनोंदणीचे कलम घाला: याच नावासाठी आमच्याकडे आणखी किती अर्ज आहेत ते पैसे घेण्यापूर्वी पडद्यावर दाखवायचे, नाव मिळाले नाही तर पूर्ण पैसे परत, आणि 'राखून ठेवा' हा शब्द वापरायचा नाही. ट्रेडमार्कची माहिती पूर्वनोंदणीच्या वेळीच द्यायची. नोंदणीच्या वेळची औपचारिक सूचना हवी तर पुन्हा पाठवावी, पण तिला उत्तर द्यायला ४८ तासांऐवजी आठवडा असावा. मालाच्या वर्गाचा मुद्दा अवघड आहे आणि त्यावर चिन्हधारक कडाडून विरोध करतील, हे जाणून आहे. तो या फेरीत सुटला नाही तरी चालेल. यादी मात्र उघडा.

रजिस्ट्रारांना वेगळे सांगतो. नियमाची वाट बघायची गरज नाही. तुमच्या रांगेत एका नावामागे किती जण उभे आहेत हा आकडा तुमच्या संगणकात आजच आहे. तो दाखवायला आयकॅनची परवानगी लागत नाही.

कळावे,
डोमेन नावांचे काम पाहणारा,
आपला एक जुना ग्राहक